जळोचीचं घर मोडायचं नाही

४ नोव्हेंबर

दिवाळी आवरली. सकाळच्या गाडीनं इंदापूर, तिथून बारामती, जळोचीला. हिचा गुडघा दुखतोय. म्हटलं, या खेपेला राहू दे. "तुमी ऱ्हावा घरी. मी जाऊन येते." मग गेलोच.

घर ठीक. हिनं नेहमीसारखं आधी बाहेरून चारी बाजूंनी बघितलं. स्लॅबवर घातलेलं पत्र्याचं शेड धड आहे. जोत्याला वाळवीचं औषध मारलं, तेही बाहेरूनच. मग चपला काढून, पायांत धुतलेले मोजे, तोंडाला रुमाल, आणि एकटी आत. मी उंबऱ्याबाहेर. मला आत घेत नाही, म्हणते जेवढे पाय कमी तेवढं बरं. पिंजऱ्यात उंदीर नव्हता. डांबरगोळ्या बदलल्या. धुळीला हात नाही. लतावहिनींच्या शिलाई मशीनवर अर्धवट ब्लाऊज तसाच. त्यांच्या रेणूचं दप्तर तसंच. कपाटाच्या दारावर पोलिसांनी ठशांसाठी मारलेली काळी पावडर तशीच.

आमच्या घरात फरशीवर दाणा पडलेला हिला खपत नाही. आणि सख्ख्या भावाचं घर बारा-तेरा वर्षं झाडलेलं नाही. ते न झाडणं हिला किती जड जातं, ते मी बघतो. बाहेर आली की गेटपाशी उभी राहून नळाखाली हात चोळत बसते.

गेटवर कागद चिकटवलेला. न.पा.ची नोटीस. मागची भिंत झुकलीय, बांधकाम धोकादायक, दुरुस्त करा नाहीतर पाडा. हिनं दोनदा वाचली, घडी घालून पिशवीत टाकली. 

५ नोव्हेंबर

डाळिंबाची छाटणी. ही गप्प. चहा देताना एवढंच: "पाडायचं न्हाय." म्हटलं, बरं.

८ नोव्हेंबर

दिलीप आला, हिचा धाकटा भाऊ. न.पा.ची नोटीस त्यालाही मिळाली, घर दोघांच्या नावावर. अंगणात बसला, आत येईना. मला म्हणाला, "दाजी, तुमी सांगा आक्काला. माझं ऐकत न्हाय ती."

त्याचं म्हणणं असं. प्राजक्ताला स्थळं येतात, चौकशी होते, आणि मग गप्प होतात. परवा एकानं तोंडावर विचारलं, ते जळोचीचं घर तुमचंच का? पुढचं विचारायची हिंमत झाली नाही, पण सगळ्यांना तेच विचारायचं असतं. गावात पहिल्यापासून एक बोललं जातं, की कुणी आलं गेलं नाही, भास्करदादानंच बायकोला आणि पोरीला मारलं आणि स्वतःला संपवलं. डॉक्टरांच्या रिपोर्टात तसं नाही. पोलिसांनी तसं कधी म्हटलं नाही. पण पकडलंही कुणाला नाही, मग लोकांना काय.

"घर हाय तोवर लोक बोट दाखवणार, आक्का. पाडू. मोकळी जागा दिसली की विसरतील."

ही म्हणाली, "आनि घर गेलं की दादावरचा आळ पुसायला काय ऱ्हाईल रं?"

दिलीप उठला. जेवलाही नाही. त्याचंही खरं आहे. त्या सकाळी दार उघडणारा तोच होता. त्यानंतर त्यानं त्या घरात पाऊल टाकलेलं नाही. जळोचीला राहतो, पण बाजारात जाताना लांबचा रस्ता धरतो.

९ नोव्हेंबर

काल लिहायचं राहिलं. दिलीप गेल्यावर ही बराच वेळ तुळशीपाशी उभी होती. मग म्हणाली, "उपाशी गेला ओ." तेवढ्यात डोळ्यांत पाणी. भांडण संपलं की हिला आधी ताट आठवतं.

१३ नोव्हेंबर

न.पा.त गेलो. इंजिनिअर तरुण मुलगा, चांगला आहे, पण कायदा दाखवत होता. ही खुर्चीवर बसली आणि शांतपणे विचारलं, "भिंत पडू न्हाई एवढंच पायजे ना तुमाला?"

"हो काकू. शेजारी लहान मुलं खेळतात."

"मग मी पडू देत न्हाई. बाहेरनं टेकू देते, लोखंडी. आतल्या बाजूला गवंड्याचा हात लागता कामा नये. तुमी येऊन बघा, मन भरलं न्हाई तर मग बोला."

तो म्हणाला, आतून प्लास्टर केल्याशिवाय कसं होणार. हिनं त्याला सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, रडली नाही. तीन माणसं कुठं पडली होती, पोलिसांनी काय नेलं, काय राहिलं, हे घर आपण का ठेवलं. तपासाचे पहिले पोलीस साहेब बदली होऊन जाताना हिला म्हणाले होते, ताई, आज आम्हाला जमलं नाही ते उद्या कुणाला तरी जमेल, तोवर घर ठेवा. त्या एका वाक्यावर ही एवढी वर्षं उभी आहे. साहेब रिटायर झाले, वारले. वाक्य हिच्याकडे राहिलं.

पोरानं पेन खाली ठेवलं. टेकू देऊन चालेल म्हणाला, पण उन्हाळ्यापर्यंतच. पुढं पावसात तो जबाबदारी घेणार नाही.

बाहेर आल्यावर विचारलं, गुडघा? "कुठला?" म्हणाली.

१९ नोव्हेंबर

टेकू बसले. वेल्डरवर ही उन्हात उभी राहून नजर ठेवून. ठिणगी खिडकीकडे जाऊ नये म्हणून ओलं गोणपाट धरून बसली. साठी उलटलेली बाई! मी डबा घेऊन गेलो तर म्हणाली, ठेवा तितं, हात मोकळा न्हाय.

२८ नोव्हेंबर

पोलीस ठाण्यात. दर नवीन अधिकाऱ्याला ही भेटते. कुणी चहा पाजतं, कुणी ताटकळत ठेवतं. या वेळी काळे मॅडम म्हणून आल्यात, जुन्या केसेस बघतायत असं ऐकलं होतं.

फाईल त्यांनी वाचलेली होती. हे पहिल्यांदाच. म्हणाल्या, "घर कधी पाडलं?"

"पाडलं न्हाई."

"मग कोण राहतं?"

"कुणी न्हाई. तसंच हाय."

"तसंच म्हणजे?"

"म्हंजे पोलिसांनी किल्ली दिली तवापासनं तसंच."

 मॅडमनी टोपी उचलली आणि म्हणाल्या, चला.

त्यांनी पण चपला... नाही, बूट काढले. हिनं पिशवीतून जादा मोज्यांची जोडी काढून दिली. इतकी वर्षं ती जादा जोडी पिशवीत असते, मला वाटायचं हिच्यासाठीच. दोघी बराच वेळ आत. मी बाहेर. मॅडम बाहेर आल्या तेव्हा चेहरा बदललेला. म्हणाल्या, "काका, मी बऱ्याच जागा बघितल्यात. असं कुणी ठेवत नाही."

मग हिला म्हणाल्या, आता तपासणीच्या पद्धती पुष्कळ सुधारल्यात, पण आंधळेपणानं सगळं घर उचलून नेता येत नाही. या घरात रोज येणारं-जाणारं कुणी आहे का? काय घरचं आणि काय नाही, हे ओळखणारं?

ही हळूच म्हणाली, "मी तर नरसिंहपूरची. सणावाराला यायची. रोजचं म्हंजे... दिलीप."

फाईलमध्ये दिलीपचा जबाब आहे, पण तो फक्त दार उघडल्याचा. घरातून फिरवून कुणी विचारलेलं नाही. त्या वेळी विचारायला गेले तर त्याला भोवळ आली होती, ते मला आठवतं. पुढं राहून गेलं.

३० नोव्हेंबर

दिलीपला फोन. उचलला नाही. परत केला, प्राजक्तानं घेतला. "आत्या, पप्पांना नका ना सांगू आत जायला. झोपेत ओरडतात अजून." ही म्हणाली, "न्हाय सांगत बाळ."

फोन ठेवून बसली. म्हणाली, मी दादासाठी जित्याला मारायला निघाले का ओ?

मी पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

६ डिसेंबर

गेले काही दिवस लिहिलं नाही. डाळिंबावर तेल्या दिसतोय, फवारणी.

ही एकटीच जळोचीला गेली, दिलीपच्या घरी. पहिल्यांदाच मी बरोबर नव्हतो. आल्यावर सांगितलं ते लिहितो. तिनं दिलीपला म्हटलं, "मी सही करते. पाड घर. तुझी पोरगी म्हंजे माझीच हाय, तिचं अडवून दादाला काय मिळणार? आज कागद आण, आज करते."

 त्यानं म्हणे विचारलं, "खरं?"

"खरं."

"आनि अट?"

"अट न्हाय. ईनंती हाय. पाडायच्या आधी एकदा माझ्यासंगं आत चल. न्हाय जमलं तर न्हाय. तरी सही हाय."

मी म्हटलं, अगं, बोलून बसलीस, आणि त्यानं खरंच आत न येता कागद आणला तर? म्हणाली, तर करीन सही. खोटं बोलायला गेले न्हवते.

एवढ्या वर्षांचं सगळं त्याच्या हातात देऊन आली आणि भाकरी थापायला बसली. मी हिच्याशी लग्न केलं तेव्हा मला कुणीतरी सांगायला हवं होतं कुणाशी करतोय ते.

१० डिसेंबर

दिलीपचा निरोप नाही.

१२ डिसेंबर

नाही.

१५ डिसेंबर

आज. सगळं नीट लिहून ठेवतो.

दिलीपनं सकाळी फोन केला, या म्हणाला. आम्ही पोचलो तर गेटबाहेर उभा. हातात काही कागद वगैरे नाही. प्राजक्ता बरोबर, त्याचा हात धरून. ही म्हणाली, बस जरा, पाणी पी. "न्हाय आक्का. बसलो तर उठणार न्हाय."

मोजे घातले. ही पुढं, दिलीप मागं. मी आणि प्राजक्ता दारात.

आधी आतली खोली, मग स्वयंपाकघर. त्याचा आवाज येत होता. हा डबा वहिनीचा. हे घड्याळ मी दिलेलं. मोरीपाशी बराच वेळ काहीच नाही. मग हिचा आवाज, "श्वास घे. माझ्याकडं बघ. हं." मी जायला निघालो तर प्राजक्तानं धरलं, थांबा आतोबा म्हणाली.

मग दोघं बाहेरच्या खोलीत आले. आता दारातून दिसत होते. दिलीप घामानं भिजलेला. संपलं म्हणून दाराकडे वळला आणि थांबला. दारामागच्या खुंटीकडे बघत राहिला. तिथं दादाचा रेनकोट, त्याच्यावर तपकिरी मफलर.

"हा कुणाचा?"

ही म्हणाली, "दादाचाच की."

"दादाचा? दादा मफलर घालत न्हवता. गळ्याला खाज सुटायची त्याच्या. आईनं विणून दिल्याला पन मला दिला त्यानं."

"मग वहिनीचा..."

"आक्का, आदल्या दिवशी सांजच्याला मी दूध घेऊन आल्तो. ह्याच खुंटीला माझी पिशवी अडकवली, रेनकोटावर. जाताना काढली. हा न्हवता हितं."

आणि त्यानं हात पुढं केला. ही ओरडली, "हात लावू नकोस!" असा आवाज मी हिचा कधी ऐकला नाही. शेजारचे बाहेर आले.

मग त्याला खांद्याला धरून तशीच मागं-मागं दारापर्यंत आली. नंबर प्राजक्तानं लावला, मॅडमशी मी बोललो. 

दुपारी मॅडम, पंच, प्रयोगशाळेची माणसं. मफलर चिमट्यानं कागदी पाकिटात. खुंटी पण काढली. मॅडम जाताना म्हणाल्या, फार आशा धरू नका, एखाद्या पाहुण्याचा असू शकतो.

ही म्हणाली, दर महिन्याला बघत होते मी तो. दादाचा समजून. एकदा तर वाटलं होतं, उन्हात घालावा, कसर लागंल.

घातला नाही. हेच मला राहून राहून वाटतंय. घातला नाही.

१६ डिसेंबर

दिलीप आमच्याबरोबर नरसिंहपूरला आला. जेवला. दोनदा भात घेतला.

संगमावर गेलो तिघं. भीमेला पाणी बऱ्यापैकी आहे. दिलीप मला म्हणाला, "दाजी, मला वाटायचं आक्काला ते घर सोडवत न्हाय. आमच्या दुखण्यावर बसून ऱ्हायलीय. ती राखत होती हे मला कळलंच न्हाय." मी म्हटलं, तिला सांग. म्हणाला, तोंड होत न्हाय. मग सांगितलं त्यानंच, थोड्या वेळानं, पायऱ्यांवर. मी लांब जाऊन उभा राहिलो.

२ जानेवारी

न.पा.चा इंजिनिअर घर बघून गेला. दिलीपनं स्वतः उभं राहून दाखवलं. पावसाच्या आधी बाहेरून दुसरी भिंत बांधून जुनीला आधार द्यायचा, असं दोघांचं ठरलं. खर्च दिलीप करतो म्हणाला. ही नको म्हणाली. अर्धा-अर्धा ठरला. यावरून दोघं अर्धा तास भांडले, आणि त्या भांडणाचं मला एवढं बरं वाटलं.

११ जानेवारी

तिघांचं श्राद्ध. दरवर्षी आम्ही दोघंच असतो. या वर्षी दिलीपचं सगळं घर. प्राजक्तानं रेणूचा फोटो पुसला. रेणू तिच्याहून मोठी होती, आता फोटोत लहान दिसते.

२९ जानेवारी

रिपोर्ट नाही. ही विचारत नाही. मॅडमना फोन मीच करतो, चोरून. आज हिनं पकडलं. "त्यांना त्यांचं काम करू द्या." बरं.

१८ फेब्रुवारी

मॅडमचा फोन, या म्हणून. दिलीपही.

जे सांगितलं ते समजलं तसं लिहितो. मफलरवर रक्ताचे बारीक ठिपके मिळाले. रंगामुळं डोळ्यांना दिसत नव्हते. ते रक्त दादाचं. म्हणजे ते घडलं त्या वेळी मफलर त्या खुंटीलाच होता. आणि गळ्याकडच्या भागात घाम वगैरे, तो एका पुरुषाचा. दादाच्या रक्ताच्या नात्यातला नाही. नोंदी असलेल्या गुन्हेगारांत जुळत नाही.

मॅडम म्हणाल्या, "इतकी वर्षं बंद घरात, ऊन नाही, पाणी नाही, कुणाचा हात नाही, म्हणून मिळालं. ताई, हे तुमचं काम आहे. आमचं नाही."

हिनं विचारलं, "म्हंजे घरात चौथा माणूस होता."

"होता."

"दादानं न्हाय केलं."

"ताई, मी आधीही तसं मानत नव्हते. आता कागदावर आहे."

दिलीप टेबलावर डोकं टेकून रडला. ही नाही. हिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि दुसऱ्या हातानं पदर चाचपत होती, जसं काही हरवलंय.

बाहेर चहाच्या गाडीवर दिलीप एकदम म्हणाला, "आक्का, मफलर खुंटीला लावला त्यानं. म्हंजे आला, बसला. दादानं बस म्हटलं असंल. वहिनीनं चहा ठेवला असंल. ओळखीचा हाय."

 चहा गार झाला.

१९ फेब्रुवारी

दिलीपचे सकाळपासून तीन फोन. याच्याकडे मफलर होता, तो थंडीत यायचा, त्याचं दादाशी वाजलं होतं. हिनं तिसऱ्या फोनला सांगितलं, "नाव घ्यायचं न्हाय कुणाचं. लोकांनी दादाचं नाव असंच घेतलं होतं. आपल्याला जो हाय तोच पायजे, दुसरा न्हाय."

मी सुद्धा मनात दोन-तीन नावं घोळवत होतो. सोडून दिली.

५ मार्च

मळणी. लिहायला फुरसत नाही. प्राजक्ताला बघायला परवा एक मंडळी आली. मुलाच्या आईनं जळोचीच्या घराचं विचारलं. प्राजक्तानं स्वतः सगळं सांगितलं, मफलरापर्यंत. म्हणाली, माझ्या आत्यानं राखलंय ते घर. बाई म्हणाल्या, आम्हाला भेटायला आवडेल त्यांना. पुढं काय होतंय बघू.

हिला सांगितलं तर लाजली. खरंच लाजली.

१२ मार्च

मॅडमनी बोलावलं. त्या वेळी दादाच्या घरी ओळखीनं येणारे-जाणारे जे पुरुष, त्यांचे नमुने घ्यायचे ठरलंय. सध्या राजीखुशीनं. नावं आठवून सांगा म्हणाल्या. शेजार, भाऊबंद, दादाच्या दुकानातला भागीदार, दूधवाला, सगळे.

ही खुर्ची पुढं ओढून बसली. मग म्हणाली, "पहिलं आमच्या ह्यांचं लिवा."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी हिच्याकडे. मी तेव्हा एसटीवर ड्रायव्हर, त्या दिवशी मुक्कामी गाडी घेऊन परगावी गेलो होतो, डेपोत नोंद आहे, मॅडमना ठाऊक आहे. तरी क्षणभर आत काहीतरी टोचलं, खोटं कशाला लिहू.

ही म्हणाली, "घरचं सोडून बाहेरच्यांकडं मागितलं तर लोक न्हाई म्हनतील. आमचं दिलं की कुणाला न्हाई म्हनता यायचं न्हाई. दुसरं दिलीपचं."

दिलीप लगेच उठला.

गालाच्या आतून कापूस फिरवतात. झालं. बाहेर आल्यावर हिनं विचारलं, राग आला? म्हटलं, न्हाय. आणि खरंच नव्हता. कुणाला जमलं असतं हे? मला नसतं जमलं.

२१ मार्च

ठाण्याबाहेरच्या बाकावर ओळखीचे चेहरे. बरेच जण आपणहून आले. शेजारचे म्हातारे तात्या काठी टेकत आले, म्हणाले, "सुमन, तुझ्या नवऱ्यानं दिलं म्हनल्यावर मी कोण न्हाय म्हननार?" दादाबद्दल सगळ्यात जास्त बोलणाऱ्यांतले दोघं पण होते. हिनं त्यांनाही चहा सांगितला.

मॅडम म्हणाल्या, बोलावलेल्यांपैकी एक जण अजून आला नाही. गावाला गेलाय असं घरचे सांगतात. नाव त्यांनी सांगितलं नाही.

हिनं विचारलंही नाही. म्हणाली, "येतील. गावाला जातं माणूस." आणि घराची किल्ली कनवटीला नीट खोचून गाडीच्या स्टँडकडे चालायला लागली.